दार नसलेल्या घरातले ड्रम्स

वैजनाथला सांगायचं कोणी, यावरून केदार आणि मी दोन आठवडे भांडत होतो. सांगायचं एवढंच होतं, की आपल्या पहिल्या अल्बममध्ये ड्रम्स तू वाजवणार नाहीस, कॉम्प्युटर वाजवणार आहे. वाक्य काही मोठं नाही. पण ज्याच्या घरात बसून चार वर्षं बँड चालवला, ज्याच्या आईच्या हातचं पिठलं-भाकरी प्रत्येक प्रॅक्टिसनंतर हक्काने मागून खाल्लं, त्याला हे वाक्य ऐकवायचं तर जीभ उचलत नाही. शेवटी केदारने त्याचा नेहमीचा मार्ग धरला. "तू बोलायला चांगली आहेस, तूच सांग," म्हणाला आणि मूग गिळून बसला. केदार गिटार उत्तम वाजवतो. बाकी अवघड काही करायची वेळ आली की तो माझ्यातले गुण शोधायला लागतो.

मी मनवा. नेवाशाच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी 'काळवथर' नावाच्या मेटल बँडमध्ये गाते. गाते म्हणजे पोटातून घोगरा, खरवडलेला आवाज काढून ओरडते. माझ्या बाबांना अजूनही वाटतं की हे लवकर थांबलं नाही तर माझ्या घशाचं ऑपरेशन करावं लागेल. गावात मी एरवी 'नारायण सरांची मुलगी' असते, वर्गात 'मॅडम' असते. स्वतःच्या मालकीचं माझ्याकडे म्हणाल तर हा बँड. वैजनाथ चिडून निघून गेला असता तर तो तिथेच संपला असता, कारण आमच्या जिल्ह्यात लग्नाच्या वरातीत वाजवणारे शंभर सापडतील, दोन्ही पायांनी मोठ्या ड्रमचं डबल पेडल मारणारा दुसरा मला तरी ठाऊक नाही. तेव्हा मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी आणखी चिडचिड करते.

आता हे असं का करावं लागलं ते सांगते. वैजनाथचं घर शनिशिंगणापुरात. देवळाच्या वाटेवर त्यांचं पूजेच्या ताटांचं, तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान, आणि मागे घर. त्या गावच्या घरांना दारं नसतात हे तुम्हाला माहीत असेलच. चौकट असते, पडदा असतो, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी टेकवतात. लोक लांबलांबून येऊन त्या चौकटींचे फोटो काढतात. मात्र दार नसलेल्या घरात ड्रम्स रेकॉर्ड करायचे म्हणजे काय प्रकार असतो, ते त्या फोटोत दिसत नाही.

गिटारचं सोपं असतं. वायर सरळ लॅपटॉपमध्ये जाते. माझा आवाज आम्ही केदारच्या गाडीत घेतला, काचा वर करून आणि गोधडी पांघरून. प्रवरेच्या अलीकडे एका उसाच्या शेताच्या कडेला गाडी लावली होती. मी ओरडत असताना एक शेतकरी मोटरसायकल थांबवून केदारजवळ आला आणि काळजीने म्हणाला, "बाई लई आजारी दिसत्यात. दवाखान्यात न्या की, हितं कशाला थांबला?" केदारने त्यांना काय उत्तर दिलं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

ड्रम्सना मात्र खोली लागते आणि खोलीला दार लागतं. माइक सगळंच ऐकतात. आम्ही वैजनाथच्या घरात ड्रम्सभोवती गाद्या उभ्या केल्या, चौकटीवर सतरंज्या टांगल्या, तरी देवळाचा भोंगा आत यायचा, टेम्पोचे हॉर्न यायचे, गल्लीतल्या शेळ्या यायच्या, त्या तर अंगानेही यायच्या. वैजनाथ कानाला हेडफोन लावून जोरात सुरुवात करायचा आणि मध्येच थांबून काठ्या मांडीवर ठेवायचा. "आला बघ हॉर्न. खराब झालं." आम्ही माना डोलवायचो, हॉर्नवाल्याला शिव्या द्यायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. अशी दोन वर्षं गेली. मधल्या काळात केदारचं लग्न ठरलं आणि मोडलंसुद्धा, अल्बम होता तिथेच.

मग एके दिवशी केदारने दार आणलं. नेवाशाच्या सुताराकडून जाडजूड फळ्यांचं, आतून स्पंज लावलेलं दार करून घेतलं आणि टेम्पोत घालून शिंगणापुरात उतरवलं. त्याचं म्हणणं असं, की बिजागरी नाही, कडी नाही, कुलूप तर नाहीच, नुसतं चौकटीला टेकवायचं आणि चार तासांनी परत न्यायचं. टेम्पोतून दार उतरताना बघून गल्ली गोळा झाली. मला वाटलं, आता आपण मार खाणार. पण गल्लीतलं कोणी काही बोलायच्या आधी वैजनाथच कडाडला.

"हितं दार लागायचं न्हाई. देवाच्या गावात ऱ्हातो आमी. तुमा नेवासकरांना काय कळायचं त्यातलं?"

हा तोच वैजनाथ, जो शनिवारी दुकान आईवर टाकून घोडेगावला ऑम्लेट खायला जातो. त्याची आई, कडूबाई, दुकानातून उठून आली. तेलाचे हात पदराला पुसत तिने दाराकडे नीट पाहिलं.

"आरं, टेकवू दे की," ती म्हणाली. "आपुन कुत्र्यासाठी फळी टेकवतोच. येवढ्यानं देव रागावत न्हाई."

"न्हाई म्हंजे न्हाई," वैजनाथ म्हणाला.

दार आल्या टेम्पोने परत गेलं. आज ते केदारच्या गच्चीवर पडलं आहे आणि त्याची आई त्यावर कुरडया वाळवते. मला वैजनाथचा राग आला होता, पण थोडा आदरही वाटला. श्रद्धेपुढे आपलं काय चालणार, असं म्हणून मी गप्प बसले. पुण्याच्या स्टुडिओत जाऊ म्हटलं तर त्याचं उत्तर तयार होतं, की दुकान आहे, आई एकटी आहे, पुढच्या शनिवारी अमावस्या आहे. ती कारणंही खोटी नव्हती.

तेव्हा केदारने गुपचूप कॉम्प्युटरवर ड्रम्स बसवायला घेतले. पडद्यावर चौकटी असतात, प्रत्येक ओळ एका ड्रमची, हवा तिथे ठिपका ठेवला की तिथे ठोका पडतो. आवाज खऱ्या ड्रम्सचेच असतात, कुठल्याशा चांगल्या स्टुडिओत एकेक करून घेतलेले. माझा याला कडवा विरोध होता. मेटल म्हणजे घाम, आणि यंत्राला घाम येत नाही, असं मी केदारला सुनावलं. तो म्हणाला, "मनवा, घरात बसून अल्बम काढणारे निम्मे बँड हेच करतात. दार असलेल्या घरात राहणारेसुद्धा." त्याने केलेलं गाणं मी ऐकलं. शिवणयंत्र पिसाळल्यासारखं वाटलं. पण दोन वर्षं शेळ्यांशी भांडून माझ्यातला विरोध पार झिजला होता. मी हो म्हटलं.

म्हणून एका मंगळवारी, देवळाकडे गर्दी नव्हती तेव्हा, मी शिंगणापूरला गेले. कडूबाई दुकानात होती. वैजनाथ घरात ड्रम्सवरची धूळ पुसत होता. मी स्टुलावर बसले आणि आमच्या प्राचार्यांसारखी सुरुवात केली. बँड म्हणजे एक कुटुंब असतं, कुटुंबात कधी कधी निर्णय घ्यावे लागतात, काळाबरोबर जावं लागतं. वैजनाथने फडकं खाली ठेवलं.

"मला काढताय का?"

"नाही रे. फक्त अल्बममध्ये ड्रम्स कॉम्प्युटरवर करायचे म्हणतोय. तू बँडमध्ये आहेसच. प्रश्न त्या भोंग्याचा आणि हॉर्नचा आहे, तुझ्या वाजवण्याचा नाहीच."

मी माझे मुद्दे मनात पुन्हा जुळवत होते. तो ओरडला तर हे सांगायचं, रडला तर ते सांगायचं. पण त्याने भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि एवढा लांब श्वास सोडला की कोपऱ्यात बसलेलं मांजर उठून गेलं.

"सुटलो," तो म्हणाला.

या उत्तराची माझी काहीच तयारी नव्हती. मला चक्क वाईट वाटलं. "सुटलो म्हणजे काय? एवढा कंटाळला होतास आम्हाला?"

"तसं न्हाई गं." तो डोळे न उघडता बोलत होता. "कानात ती टिकटिक लागली की माझे पाय माझे ऱ्हात न्हाईत."

ही टिकटिक म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी हेडफोनमध्ये वाजत राहणारा ठेका. प्रत्येकाने वेगवेगळं वाजवलेलं नंतर एकत्र जुळावं, म्हणून सगळ्यांना त्या एकाच ठेक्याला धरून राहावं लागतं. प्रॅक्टिसला ती नसते. प्रॅक्टिसला आम्ही तिघं एकमेकांकडे बघून पुढे-मागे होतो आणि चालून जातं.

"म्हणजे ते हॉर्न?" मी विचारलं.

"हॉर्न यायच्या आधीच चुकलेलो असायचो. मंग कुठला तरी हॉर्न यायची वाट बघायचो."

"आणि नाही आला तर?"

"शिंगणापुरात आन् हॉर्न यायचा न्हाई?"

मग एकदम डोक्यात उजेड पडला. "वैज्या, ते दार."

"दार लागलं असतं तर मी काय सांगितलं असतं तुमाला?" तो म्हणाला. "आत काईच आलं नसतं. नुसता मी आन् ती टिकटिक."

मी संतापले. दोन वर्षं आम्ही निष्पाप शेळ्यांना शिव्या घातल्या, केदारने सुताराला आगाऊ पैसे दिले, मी ह्याच्या श्रद्धेचा आदर केला, आणि हा देवाला पुढे करून मागे लपला होता. मी हे सगळं त्याला बोलून दाखवलं, आणखीही बरंच बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता. बोलता बोलता मला गच्चीवरच्या कुरडया आठवल्या आणि हसू फुटलं. तोही हसायला लागला, आधी घाबरत, मग खदाखदा. किती दिवसांनी आम्ही असे हसलो असू कोण जाणे. मला वाटलं होतं एक मित्र गमावून परत जाणार, आणि इथे तर दोघांच्याही छातीवरचा धोंडा उतरला होता.

हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "पण येक कर. अल्बमवर माझं नाव टाकू नका. जे मी वाजवलं न्हाई त्याच्यावर नाव कशाला?"

"असं कसं? बँडमध्ये ड्रमर तूच आहेस ना?"

"मला जमत न्हाई ते आता कळलं तुमाला. मंग मी बँडमधी करायचं काय? दुकान हायच की."

हे तो रागाने म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. पण तो अगदी शांतपणे, ताटांचा भाव सांगावा तसं सांगत होता, आणि तेच मला टोचलं. उतरलेला धोंडा पुन्हा अर्धा वर चढला. मी म्हटलं, नावाचं नंतर बघू, केदारने काय केलंय ते ऐक तरी. मी मोबाईलवर गाणं लावलं. वैजनाथ लक्ष देऊन ऐकत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी दया म्हणेन.

"ह्या माणसाला तीन हात हायती," तो म्हणाला. "दोन झांजा, मधला स्नेअर ड्रम, समदं येकाच टायमाला. आन् हरेक ठोका तेवढ्याच जोरात? चिडलेला मानूस बी मधी श्वास घेतो."

"मग ये आणि सांग त्याला," मी म्हटलं.

तो रविवारी नेवाशाला आला. केदारच्या खोलीला दार आहे, कडी आहे, खिडकीला जाड पडदा आहे, आणि आता त्यातल्या कशाचीच गरज नव्हती. वैजनाथ केदारच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. सुरुवातीला त्याने फक्त चुका दाखवल्या. मग तोंडाने बोल म्हणून, मांडीवर थाप देऊन तो सांगायला लागला आणि केदार ठिपके ठेवत गेला. इथे हलका, इथे जोरात, इथे थोडा उशिरा, कारण हात वरून खाली यायला वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत माऊस वैजनाथच्या हातात होता आणि केदार चहा करायला उठला होता. पुढचे कितीतरी रविवार असेच गेले.

आमचं सगळ्यात वेगाचं गाणं 'टँकर'. गावात पाण्याचा टँकर येतो त्यावरचं. त्यातल्या मधल्या तुकड्याला पोचल्यावर वैजनाथने हातांच्या ओळीत अगदी मोजके ठिपके ठेवले आणि पायांची ओळ मात्र गच्च भरून टाकली.

"पण तू इथे असं वाजवत नाहीस," मी म्हटलं.

"न्हाई वाजवत. जमत न्हाई. तुमच्यासमोर साधं करून वाजवतो." त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. "खरं हे असं हाय. हात म्हंजे टँकर. जड, सावकाश येतो. पाय म्हंजे हंडे घेऊन पळनाऱ्या बाया."

केदारने ते चालू केलं. तो जड, संथ टँकर चढावरून येत होता आणि खाली असंख्य पावलं धावत होती, अडखळत, एकमेकींना मागे टाकत. चार वर्षं आम्ही ज्याला 'टँकर' समजत होतो, ते वैजनाथने आपल्या पायांना झेपेल एवढं कापून आम्हाला दिलेलं होतं. पुरं गाणं त्याच्या एकट्याच्या डोक्यात होतं. तो स्वतःही ते पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"परत लाव," एवढंच तो म्हणाला. केदारने लावलं. मग पुन्हा लावलं.

मला वाटलं, झालं, आता हा कुठे जात नाही. पण नावाचा विषय काढला की तो तेच म्हणायचा. ठिपके ठेवणं म्हणजे वाजवणं नव्हे. वाजवलं कॉम्प्युटरने, नाव कॉम्प्युटरचं. मी समजावलं, चिडले, रुसूनही बघितलं, आणि माझं रुसणं सहसा फुकट जात नाही. तो हलला नाही. अल्बम पूर्ण होईपर्यंत येतो, पुढचं पुढे, असं म्हणायचा. ते 'पुढचं पुढे' मला मुळीच आवडत नव्हतं.

सगळी गाणी झाल्यावर आम्ही केदारचे मोठे स्पीकर घेऊन शिंगणापूरला गेलो. ऊन कलायला लागलं होतं. वैजनाथने चहा टाकला. ड्रम्स भिंतीकडे सरकवून आम्ही मध्ये स्पीकर मांडले. केदार लॅपटॉपवर अल्बमचं मुखपृष्ठ जुळवत होता. गिटार केदार, आवाज मनवा, एवढं लिहून तो थांबला.

"ड्रम्सपुढे काय लिहू?"

"कॉम्प्युटर," वैजनाथ म्हणाला आणि त्याने कप उचलला.

केदारने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. त्याने ती जागा तशीच मोकळी ठेवली आणि 'टँकर' लावलं.

आवाज चौकटीतून बाहेर गेला. तो अडवायला काहीच नव्हतं आणि आज आम्हाला अडवायचाही नव्हता. गाणं मधल्या तुकड्यात आलं, तो जड टँकर आणि ती धावणारी पावलं, आणि चौकटीतला पडदा बाजूला झाला. कडूबाई होती. दुकान तसंच उघडं टाकून आली होती, हातात अर्धवट ओवलेली रुईची माळ. तिने आधी भिंतीकडच्या ड्रम्सकडे पाहिलं, मग खाटेवर चहा पीत बसलेल्या मुलाकडे. तुकडा संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. केदारने गाणं थांबवलं.

"वाजवतंय कोन मंग?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटर, आई. मी न्हाई."

"तुझंच हाय ते," कडूबाई म्हणाली.

"अगं, मी हितं बसलोय की."

"दिसतंय मला. पर हे तुझंच हाय, मी वळखते ना. हे दोगं नसले की दुपारी येकटा वाजवत असतोस. हितपर्यंत यायचास आन् थांबायचास. रोज हितंच थांबायचास." तिने स्पीकरकडे हात केला. "म्होरं काय हाय, ते आज कळलं मला."

वैजनाथने कप खाली ठेवला. तो आईकडे बघत होता.

"केदार," तो म्हणाला, "त्या मोकळ्या जागेत माझं नाव लिही. पुरं लिही, आडनावासकट."

केदारची बोटं लगेच कीबोर्डवर गेली. वैजनाथने उठून आईच्या हातातली माळ घेतली, स्टूल पुढे सरकवलं आणि तिला त्यावर बसवलं.

"आन् आता पहिल्यापासून लाव," तो केदारला म्हणाला. "आईनं सुरुवात ऐकली न्हाई."